फरशीवरचा मुकादम

मुकादम उजव्या हाताचा पंजा पालथा करायचा, हवेत हळूहळू खाली दाबायचा आणि म्हणायचा, "हलकं काम, हलका दाम." उतू जाणारं दूध हातानंच खाली बसवावं, तसा तो पंजा. पंजा खाली गेला म्हणजे बोलणं संपलं. त्यापुढे कुणी तोंड उघडलं तर तो ऐकत नसे. खांद्यावरचा पोती ओढायचा लोखंडी आकडा सारखा करून दुसरीकडे चालू लागे.

तुमसरजवळच्या एका राइस मिलमध्ये तो हमालांचा मुकादम होता. मी तिथंच फरशीवर होते. फरशी म्हणजे मिलच्या मागचं सिमेंटचं मोठं पटांगण. उष्णा तांदूळ करायचा तर धान आधी हौदात भिजवतात, मग वाफेवर उकडतात आणि मग फरशीवर पसरून वाळवतात. त्या पसरलेल्या धानातून आम्ही बाया अनवाणी पाय घासत चालतो. पायामागे सरी पडत जाते, खालचं ओलं धान वर येतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. दिवस बुडेपर्यंत एवढंच. मुकादम याला हलकं काम म्हणायचा, कारण यात काही उचलायचं नसतं.

उचलणं हेच त्याच्या लेखी काम. तरुणपणी आपण एका वेळी दोन कट्टे, म्हणजे भरलेली पोती, पाठीवर घेऊन फळीवरून ट्रकात चढत होतो, असं तो सांगायचा. ते पाहिलेला माणूस मला काही भेटला नाही. पण सांगायचा असा की ऐकणाऱ्याची पाठ दुखावी. मी पाहिला तेव्हा तो काही उचलत नव्हता, तरी आकडा मात्र रोज खांद्यावर असायचा. काही लोक देवळात गेलं नाही तरी टिळा लावतात, तसं.

मुकादमाला महिन्याचा पगार होता. वर प्रत्येक कट्ट्यामागे हमालांकडून थोडं सुटायचं. पोळ्याला उचल मिळायची, दिवाळीला कापड मिळायचं आणि सेठच्या ऑफिसातला चहा मिळायचा, तोही कपबशीतून. हमालांना चहा स्टीलच्या गिलासात. आम्हाला चहा नव्हता. चुकाऱ्याच्या दिवशी, म्हणजे आठवड्याची मजुरी हाती पडते त्या दिवशी, तो सायकलच्या हँडलला पिशवी लावून बाजारात जायचा. परतताना पिशवीत मटण असायचं. पिशवी तो मुद्दाम आमच्या वस्तीतून नेत असे. मटणाला पाय नसतात म्हणून, नाहीतर चालवत नेलं असतं.

आमच्या मिलमध्ये एक रीत होती, ती तुम्हाला सांगितली पाहिजे. दिवाळीनंतर नवं धान आलं की भट्टी पेटवायच्या आधी सेठ पूजा करतो, नारळ फोडतो आणि त्याच जागी त्या वर्षाचे दर ठरतात. हमालांचा दर आधी. त्यावर खूप आरडाओरडा व्हायचा. मुकादम कधी सेठच्या बाजूनं बोले, कधी हमालांच्या, आणि शेवटी दोघांनाही वाटे की आपणच जिंकलो. मग नारळाचा प्रसाद वाटायचा. प्रसाद खाल्ला की दर कबूल, असं जुनं ठरलेलं होतं. त्यानंतर कुणी बोलायचं नाही.

फरशीचा दर कधी निघायचा? खोबरं वाटताना. आमच्या हातावर तुकडा ठेवता ठेवता मुकादम म्हणायचा, "अन् फरशीचा मागल्या सालासारखाच, थोडा इकडं-तिकडं. हलकं काम, हलका दाम." पंजा खाली. तोंडात खोबरं. खोबरं चावत चावत कोण भांडणार? अशी किती वर्षं गेली. आम्हाला समजत नव्हतं असं नाही. पण देवाचं खोबरं थुंकायची हिंमत कुणात नव्हती, आणि तुकडेही तो आम्हाला जरा मोठेच द्यायचा.

मग त्याचे गुडघे गेले. एका सकाळी ट्रकाच्या फळीवर चढला आणि उतरता येईना. हमालांनी धरून उतरवला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, चढ-उतार बंद, ओझं बंद, दिवसभर उभं राहणं बंद. थोडं सपाट जागेवर चालत राहिलात तर चांगलं.

सेठ वाईट माणूस नव्हता. चांगलाही नव्हता, सेठ होता. त्यानं मुकादमाला बोलावून विचारलं, "मुकादम, घरी बसता की काही करता?"

"घरी बसून काय करू जी? घरी मुकादम दुसरी हाय."

"मंग फरशीवर या. सपाट जागा हाय. सकाळून या, दुपारी जा. अर्धा दिवस."

"अन् पगार?"

"अर्धी रोजी. फरशीची."

"बायाईची?" मुकादम म्हणाला.

"फरशीचा दर तर तुम्हीच ठरवला हाय," सेठ म्हणाला.

हे बोलणं मला त्यानं स्वतःच पुढं सांगितलं. सांगताना हसला नाही.

होळी झाली आणि तो फरशीवर आला. खांद्यावर आकडा, पायात चपला. तसाच चपलांनिशी पसरलेल्या धानात शिरला. आम्ही सगळ्या एकदम ओरडलो. फरशीवर चप्पल म्हणजे उकडलेल्या धानाचा चुरा, हे मिलच्या कुत्र्यालाही माहीत आहे. तो किती वर्षं फरशीच्या कडेकडेनं फिरला होता, पण आत पाऊल कधी ठेवलं नव्हतं. त्याला कुठून माहीत असणार?

"चपला काढा जी मुकादम!" मी म्हटलं. "अन् तो आकडा कायले आणला? इथं धानाचे दाणे उचलाचे हायेत का?"

त्यानं चपला काढल्या. आकडा मात्र खांद्यावरच ठेवला. पहिलं पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला उडी मारली. होळीनंतरचं सिमेंट सकाळीही तापायला लागतं. त्यात धान नुकतंच भट्टीतून आलेलं, वाफ निघत होती. आमच्या तळव्यांची कातडी जाड झालेली, बैलाच्या खुरासारखी. त्याचे पाय कायम चपलेतले. दुखऱ्या गुडघ्यांनी उड्या मारत तो पलीकडच्या टोकाला पोचला आणि सावलीत उभा राहिला.

आमच्यातली एक म्हणाली, "काम हलकं हाय ना जी मुकादम?"

आम्ही पोट धरून हसलो. मी जास्त हसले. मला त्याची दया आली नाही. दया यायला माणसानं आधी आपल्याला थोडं दुखवलं नसलं पाहिजे.

पहिल्या चुकाऱ्याला मोठी गंमत झाली. चुकारा घ्यायला रांग लागायची. आधी मुकादम, मग हमाल, शेवटी रेजा, म्हणजे आम्ही मजूर बाया. तो सवयीनं जाऊन सगळ्यात पुढं उभा राहिला. नवा मुकादम त्याच्याच हाताखाली तयार झालेला पोरगा. तो मागं उभा. त्याची काही बोलायची छाती झाली नाही. सेठच आतून म्हणाला, "मुकादम, तुमचा नंबर मागं."

तो मागं आला. सगळ्या हमालांच्या समोरून, एकेकाच्या तोंडाकडे न पाहता. आमच्यापाशी येऊन थांबला. कुणाला वाटेल आम्ही त्याला मधे घेतलं. नाही घेतलं. रांगेत मागून येणारा शेवटी उभा राहतो, तो शेवटी राहिला.

हातात पैसे आले तेव्हा त्यानं ते उलटून पाहिले, जसं काही नोटांच्या पाठीवर उरलेले पैसे असतील.

"एवढेच?" तो मला म्हणाला.

"तुमचे अर्ध्या दिवसाचे हायेत. आमचे याच्या दुप्पट," मी म्हटलं.

"दुप्पट म्हंजे तरी किती वो?"

"तुमाले माहीत नाई? तुम्हीच तर ठरवता."

खरंच माहीत नव्हतं त्याला. दर त्यानं तोंडानं कैकदा सांगितला होता, पण तो हातात किती भरतो, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी बाजारातून त्याच्या पिशवीत वाळलेले झिंगे होते. पिशवी आमच्या वस्तीतून गेली नाही.

पगार कमी होतो तेव्हा नुसता पगार कमी होत नाही. आधी कपबशीतला चहा गेला. मग ऑफिसातली खुर्ची गेली. पोळ्याची उचल मागायला गेला तर मुनीम म्हणाला, अर्ध्या रोजीवाल्याला उचल नसते. त्याच्यासमोर विडी लपवणारे हमाल आता त्याच्याकडेच माचिस मागू लागले. नाव तेवढं राहिलं. आम्ही त्याला मुकादमच म्हणायचो. आधी टोमण्यानं म्हणत होतो, मग सवयीनं.

दुपारी त्याची सुट्टी व्हायची. पण तो लगेच घरी जात नसे. फरशीच्या कडेला एक कडुलिंब आहे, खाली एक दगड आहे. त्यावर बसून आम्हाला हुकूम सोडायचा.

"ते कोपऱ्यातलं ओलं राहून राहिलं वो!"

"अर्ध्या रोजीचे मुकादम, घरी जा!" आम्ही ओरडायचो.

जायच्या आधी मात्र तो एक गोष्ट करायचा. हौदाच्या नळाखाली बराच वेळ पाय धरून बसायचा. मग पाय पुसायचे आणि खिशातून मोजे काढून घालायचे. भर उन्हाळ्यात मोजे! चपलेत मोजे! आम्हाला हसायला आणखी एक कारण मिळालं. आम्हाला वाटलं, रोजी गेली पण साहेबी जात नाही. मी त्याला तोंडावर विचारलंही, "मोजे कायले जी? लग्नाले जाऊन राहिले का?"

"तुले काय करायचं वो," तो म्हणाला आणि सायकल ढकलत निघून गेला.

उन्हाळाभर तो टिकला. मला वाटलं होतं, अक्षय तृतीयेच्या आत पळेल. पळाला नाही. पायांना फोड आले, फुटले, परत आले. तो त्यावर एक शब्द बोलला नाही. फक्त एक झालं. "हलकं काम, हलका दाम" हे त्याच्या तोंडून निघेनासं झालं. सवयीनं हात वर जायचा, पंजा पालथा व्हायचा, आणि मग तो त्या हातानं मान खाजवायचा.

पावसाळ्यात फरशी बंदच असते. दिवाळी झाली, नवं धान आलं, भट्टीच्या पूजेचा दिवस आला. सगळे जमले. आम्ही बाया नेहमीसारख्या मागं, आणि तो आमच्यात. नव्या मुकादमानं हमालांच्या दरासाठी बराच आरडाओरडा केला, तोही जुन्याकडूनच शिकलेला. दर ठरला. नारळ फुटला. खोबरं वाटत वाटत नवा मुकादम आमच्याकडे आला आणि म्हणाला, "अन् फरशीचा मागल्या सालासारखाच, थोडा इकडं-तिकडं."

मी खोबरं तोंडात टाकलं. आणि शेजारून आवाज आला, "थांबा जी."

त्यानं आपला तुकडा तळहातावर तसाच धरून ठेवला होता. सगळ्यांना दिसेल असा.

"फरशीचा दर अजून पक्का नाई झाला," तो म्हणाला. "हे खोबरं मी खाल्लं नाई."

मी हळूच तोंडातला तुकडा बाहेर काढला आणि मुठीत धरला. बाजूच्या दोघींनीही काढला. देवाची माफी मनात मागितली. पण देवाला दर माहीत असणारच, असं वाटलं.

सेठ हसला. "मुकादम, प्रसाद घ्या. तुमचं आपण मागून पाहू. तुम्ही काय परके हाय का?"

सगळ्यांना कळलं, मागून म्हणजे काय. वेगळं काढून देऊ, फक्त तुला. जुना माणूस आहेस, बायांचं कशाला काढतोस? त्यानं तेवढं घेतलं असतं तर त्याच्या पिशवीत परत मटण आलं असतं, आणि आम्ही खोबरं गिळलं असतं. मला वाटलं, घेतो आता. मी असते तर कदाचित घेतलं असतं.

"मागून नको जी," तो म्हणाला. "मागून भेटते ते बक्षीस. मले रोजी पायजे. फरशीवर चालतो, फरशीचा दर वाढवा."

"फरशीचा दर वाढवला तर साऱ्याईचाच वाढते!"

"वाढते तर वाढू द्या. दर एकच हाय. तोडता थोडीच येते?"

"काम हलकं हाय, मुकादम. तुम्हीच म्हणत होते."

तेव्हा त्यानं काय केलं, ते मी विसरणार नाही. त्यानं नव्या मुकादमाचा हात धरला आणि म्हणाला, "चाल. बूट काढ. माझ्यासंग फरशीवरून एक फेरी मार. मंग दोघं मिळून प्रसाद खाऊ." तो पोरगा हात सोडवून मागं सरकला. तेव्हा हमालच हसले.

सेठ घड्याळ पाहू लागला. पूजा झालेली, भट्टीत लाकूड रचलेलं, आणि बायांच्या हातात प्रसाद न खाल्लेला. प्रसाद खाल्ल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही, हा नियम त्याच्या बापाचा. सेठाणी दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, अपशकून होईल. काय ते देऊन टाका." सेठ सरकारला घाबरत नव्हता, सेठाणीला घाबरत होता.

दर वाढला. हमालाएवढा नाही झाला. फार वाढला असंही नाही; घरातल्या आठवड्याच्या तेल-मिठाला पुरेल, एवढा. पण थोडा इकडं-तिकडं नव्हता, आकडा बोलून ठरला. आम्ही खोबरं खाल्लं. माझं मुठीत घामानं खारट झालं होतं.

दुपारी तो कडुलिंबाखाली बसला होता, तेव्हा मी त्याच्याजवळ गेले. म्हटलं, चांगलं झालं तर चांगलं म्हणावं.

"आमच्यासाठी चांगले भांडले जी, मुकादम."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्याच्यावर काही आळ घेतला.

"तुमच्यासाठी कायले भांडू वो? तुम्ही इतके साल खोबरं खाऊन चूप राहिल्या. मी माझ्या पायासाठी भांडलो."

"मंग सेठ तुमाले वेगळं देऊन राहिला होता, ते काहून नाई घेतलं?"

त्यानं खांद्यावरचा आकडा सारखा केला. मग म्हणाला, "मी या मिलचा मुकादम होतो. मागच्या दारानं काही घेऊन जाऊ का? रोजी रांगेत घ्याची असते."

लोक अशा माणसाच्या नावानं काहीही सांगतात. त्याला गरिबांची कणव होती, त्याच्यात बदल झाला वगैरे. असं काही नव्हतं. त्याला आपली ऐट सांभाळायची होती, आणि त्याची ऐट त्या वर्षी नेमकी आमच्या दरात येऊन बसली होती. मला तरी तेवढं पुरेसं वाटलं. कणव येते आणि जाते. ऐट टिकते.

पुढं तो आणखी दोन हंगाम आला. त्या चुकाऱ्यांना मात्र तो रांगेत शेवटी उभा राहिला की मी एक पाऊल पुढं सरकून त्याला सावलीत जागा करायची. तो म्हणायचा, "नंबर मागं हाय माझा." मी म्हणायची, "मागंच राहा, पण सावलीत राहा." तिसऱ्या हंगामाला तो आला नाही. गुडघ्यांनी खाट धरली होती. मागच्या उन्हाळ्यात गेला. मातीला मिलमधून हमाल गेले, नवा मुकादम गेला. आम्ही बाया दुसऱ्या दिवशी घरी जाऊन आलो. त्याची बायको म्हणाली, "फरशीचं नाव लय घेत होते." काय नाव घेत होते, ते तिनं सांगितलं नाही, आणि रडणाऱ्या बाईला विचारत बसायचं नसतं.

मीही आता अर्ध्या रोजीवर आहे. दुपारी त्या कडुलिंबाखाली त्याच्याच दगडावर बसते. हुकूम सोडत नाही. सोडला तर पोरी ऐकणार नाहीत.

या दिवाळीनंतर भट्टी पेटली, आणि चार-सहा दिवसांनी एक तरणी बाई कामाला आली. पदर खोचलेला, हातात डबा. मुकादम गेला तेव्हा त्याच्या घरी बायांच्या गर्दीत पाहिली असेल, पण तोंडावळा ओळखू आला नाही. तीच म्हणाली, "मावशी, मी मुकादमाची सून."

"कोणत्या?"

"जुन्या. तुमच्यासंग होते ना मामाजी फरशीवर?"

मी तिला खालून वरपर्यंत पाहिलं. "होते," मी म्हटलं.

"रोजी किती हाय वो मावशी?"

मी सांगितली.

"बरी हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, याच्याहून कमी राहीन. कोणं ठरवली?"

"तुझ्या मामाजीनं."

"बायाईसाठी?"

"नाई. सोतासाठी."

ती हसली. म्हणाली, "मामाजी घरी सांगत, फरशीवर लय हलकं काम हाय. फिराले गेल्यासारखं. उन्हातून येत तर पायात मोजे घालून येत, साहेबासारखे. मी म्हटलं, असं असन तर आपणही जाऊ." आणि बोलता बोलता तिनं उजव्या हाताचा पंजा पालथा केला आणि हवेत खाली दाबला, अगदी त्याच्यासारखा. घरात पाहून पाहून आलेला असणार. तिचं तिलाही समजलं नसेल.

मोजे घालून फोड झाकणाऱ्या माणसाला मी हसले होते, ते आठवलं. पण मेलेल्या माणसानं घरात झाकून ठेवलेलं आपण फरशीवर उघडं करू नये.

ती डबा ठेवून धानाकडे निघाली. वाफ निघत होती. तिच्या पायात नव्या चपला होत्या.

"चपला काढ वो," मी म्हटलं. "अन् ये."